उड्डाणापूर्वीचा हिशेब

आमच्या धर्मग्रामातील मुले अलीकडे आम्हांला 'पायलट फादर' म्हणू लागली आहेत. या पदवीला आम्ही पात्र नाही. आयुष्यात आम्ही विमानात बसलो ते मोजून सात-आठ वेळा, आणि तेही खिडकीशेजारची जागा मिळावी म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करीत. तथापि गेली दोन वर्षे, रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर, तासभर आम्ही संगणकासमोर बसतो आणि पडद्यावरचे एक विमान मुंबईहून कधी दिल्लीस, कधी गोव्यास, तर कधी लेहला नेतो, हे खरे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने असले खेळ खेळावेत का, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात येतो. कुणी तो आमच्या तोंडावर विचारतातही. त्यांना उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच. मात्र उत्तर देता देता एक जुनी चूकही मान्य करावी लागणार आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे खोलीतच काढावे लागले. ख्रिस्तयाग खुर्चीत बसून, वाचन बिछान्यात पडून, आणि उरलेला वेळ छताकडे पाहून, असा दिनक्रम होता. त्या दिवसांत एक तरुण आठवड्यातून एकदा तरी आम्हांस भेटावयास येई. तो मुंबईच्या विमानतळावर नोकरीस आहे. विमानात प्रवासी किती, सामान किती, इंधन किती आणि हा सारा भार कोठे कोठे ठेवला आहे, याचा तक्ता प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती द्यावा लागतो. त्याला लोडशीट म्हणतात. ती तयार करणे हे त्याचे काम. आमचा कंटाळा पाहून त्याने आपला जुना संगणक आणून आमच्या टेबलावर मांडला, त्याला खेळण्यासारखी दिसणारी एक दांडी जोडली आणि म्हणाला, "फादर, पाय चालत नाहीत तोवर उडून बघा."

आभासी उड्डाणाची ही विद्या आम्हांस वाटली होती तितकी पोरकट नाही. तिचा उगम तर आमच्या ओळखीच्या वस्तूत आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या कारखान्याच्या तळघरात, ऑर्गनमध्ये हवा खेळवणारे भाते आणि पंप वापरून, त्याने १९२९ साली जमिनीवरच डोलणारे, वळणारे एक लहानसे विमान तयार केले. १९३४ साली अमेरिकी सैन्याने विमानाने टपाल नेण्याचे काम अंगावर घेतले, तेव्हा खराब हवेत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्याने लिंककडून अशी सहा यंत्रे विकत घेतली. ऑर्गनच्या भात्यांतून स्तोत्रांचे सूर निघतात, एवढेच आम्हांला ठाऊक होते. त्यांनी माणसांचे प्राणही वाचवले, हे या वयात कळले. सामान्य माणसाच्या घरात ही विद्या आली ती पुढे पन्नास वर्षांनी. मायक्रोसॉफ्टचे पहिले फ्लाइट सिम्युलेटर १९८२ सालचे.

संगणकाशेजारी आम्ही लोरेटोच्या मातेचे एक लहान चित्र ठेवले आहे. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी उचलून इटलीतील लोरेटो येथे आणले, अशी परंपरा आहे. म्हणूनच पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली तिला वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. ते चित्र पाहून तो तरुण हसला. म्हणाला, "देवदूतांना लोडशीट लागली नसेल, फादर. आपल्याला लागते."

त्या वाक्याचा अर्थ कळायला आम्हांला लेहला जावे लागले. आरंभी आमची समजूत अशी होती की, विमान उडवणे म्हणजे दांडी पुढे ढकलणे आणि पुरेसा वेग आला की नाक वर उचलणे. पडद्यावरच्या मुंबईत ही समजूत खपून गेली. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन हजार मीटर लांब, आणि समुद्रसपाटीपासून तिची उंची दहा-बारा मीटर. तेथे आमच्यासारख्या अडाण्यालाही क्षमा आहे. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, धावपट्टी मुंबईपेक्षा आखूड, सभोवती डोंगर. विरळ हवेत पंखांना आधार कमी आणि इंजिनांचा रेटाही कमी, हे आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते. पण वाचलेले आणि अनुभवलेले यांत अंतर असते. आम्ही एअरबस ए-३२० जवळजवळ कमाल वजनापर्यंत, म्हणजे ७७ टनांपर्यंत भरले होते. वेळ दुपारची, तापमान २५ अंश. दांडी पुढे ढकलली. विमान धावत राहिले, धावतच राहिले. पट्टीचे टोक आले तेव्हा आम्ही घाईने नाक उचलले. विमान थोडेसे उठले आणि समोरच्या डोंगराने उड्डाणाचा शेवट केला. पडदा काळा झाला. आमच्या गुडघ्याला काही झाले नाही, पण कानशिले तापली.

पुढच्या भेटीत आम्ही ही फजिती सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, "फादर, हिशेब केला होता?"

मग त्याने आम्हांला उड्डाणाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर दाखवले. विमान कंपन्यांचे वैमानिक असे साधन आपल्या टॅब्लेटवर बाळगतात. सिम्युलेटरच्या हौशी मंडळींसाठी टॉपकॅटसारखी स्वतंत्र साधने निघाली, आणि आता तर काही आभासी विमानांच्या कॉकपिटमध्येच ती बसवलेली असतात. ही हौशी साधने खऱ्या उड्डाणासाठी नव्हेत. परंतु प्रश्न विचारण्याची रीत तीच. धर्मशिक्षणाच्या जुन्या प्रश्नोत्तरांप्रमाणे ते क्रमाने विचारत जाते. विमानतळ कोणता? धावपट्टी कोणती, आणि तिच्या टोकापासून निघणार की मधल्या एखाद्या वळणापासून? वारा कोणत्या दिशेचा आणि किती? तापमान किती? हवेचा दाब किती? धावपट्टी कोरडी की ओली? पंखांच्या कडेचे फ्लॅप किती उघडणार? वातानुकूलनासाठी इंजिनांतून हवा घेणार की नाही? आणि विमानाचे वजन किती? सारी उत्तरे दिल्यावर क्षणभरात ते तीन आकडे मांडते. मुंबईहून दिल्लीस निघालेल्या आमच्या ६९ टनांच्या विमानासाठी त्याने दिलेले आकडे होते १४१, १४४ आणि १४८. हे वेग नॉटमध्ये मोजलेले.

यांतला मधला वेग नाक उचलण्याचा. शेवटचा वेग असा की, तो राखला म्हणजे एक इंजिन बंद पडले तरी विमान सुरक्षितपणे वर चढत राहते. पण आमचे मन रेंगाळले ते पहिल्या आकड्यापाशी. त्याला व्ही-वन म्हणतात. मराठीत आपण त्याला निर्णयवेग म्हणू. १४१ नॉट म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर. या वेगापर्यंत गंभीर बिघाड झाला तर वैमानिक उड्डाण रद्द करू शकतो, आणि उरलेल्या धावपट्टीवर विमान थांबेल, अशी ग्वाही गणित देते. तो वेग ओलांडल्यावर थांबू पाहणे हेच संकट. मग इंजिन बंद पडले तरी पुढे जायचे, उडायचे, आणि वर गेल्यावर काय ते पाहायचे. म्हणून धावपट्टीवर विमान धावत असता कॅप्टनचा एक हात इंजिनांच्या दांड्यांवर असतो, ती मागे ओढण्याच्या तयारीत. 'व्ही-वन' असा पुकारा झाला की तो हात तेथून काढून घेतला जातो. आता मागे ओढणे नाही. ही कृती पडद्यावर प्रथम पाहिली तेव्हा, विनोद वाटेल, पण आमच्या अंगावर काटा आला.

यात एक बारकावाही आहे. ए-३२० मध्ये १०० नॉटपर्यंत तुलनेने साध्या कारणासाठीही थांबता येते. त्यानंतर मात्र, व्ही-वन येईपर्यंत, केवळ मोठ्या कारणासाठीच थांबायचे. कारण वेग वाढतो तसा थांबण्याचा खर्चही वाढतो. भरवेगात ब्रेक लावले की ते लालबुंद तापतात, आणि टायर फुटू नयेत म्हणून चाकांत बसवलेली बुचे वितळून टायर खाली बसतात. धावपट्टी ओली असेल तर निर्णयवेग कमी येतो. निसरड्या वाटेवर निर्णय आधी घ्यावा लागतो. सांगावयाचे एवढेच की, हे सॉफ्टवेअर केवळ उडण्याचा हिशेब करीत नाही, थांबण्याचाही करते. उड्डाणाच्या प्रत्येक योजनेत थांबण्यासाठी जागा आधीच राखून ठेवलेली असते. जो वैमानिक वेळेवर थांबतो, त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही.

लेहचे तेच उड्डाण आम्ही नंतर सॉफ्टवेअरपुढे ठेवले. तेच वजन, तीच दुपार. त्याने वेग दिलेच नाहीत. एवढ्या वजनाने येथून उड्डाण शक्य नाही, असे सरळ सांगितले. तरुणाने मग प्रवासी कमी केले, सामान उतरवले, इंधन जरुरीपुरते ठेवले आणि वेळ पहाटेची धरली. तेव्हा कोठे आकडे आले. प्रत्यक्षातही लेहची विमाने प्रामुख्याने सकाळीच ये-जा करतात आणि निघताना वजन मोजूनमापून घेतात. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. त्यालाच जोडून दुसरा दाखला आहे, दुप्पट सैन्याला तोंड द्यावे की नाही, याचा विचार करणाऱ्या राजाचा. या वचनांवर आम्ही कितीतरी प्रवचने केली. पण त्या राजाने लढाई टाळून तहाची बोलणी केली तर त्यात हार नाही, शहाणपण आहे, हा अर्धा भाग आमच्या प्रवचनांत क्वचितच येई.

आता या हिशेबाचा कमकुवत दुवा सांगतो. मुंबईसारख्या लांब धावपट्टीवर विमान हलके असेल तर इंजिनांचा पूर्ण जोर वापरीत नाहीत. संगणकाला असे सांगतात की, बाहेरचे तापमान ३२ नसून ५४ अंश आहे; मग एवढ्या उष्ण हवेत इंजिने जितका रेटा देतील, तितकाच ती देतात. उड्डाणास तो पुरतो आणि इंजिनांचे आयुष्य वाढते. ही लबाडी नव्हे, काटकसर आहे; आणि गरज पडलीच तर पूर्ण जोर वैमानिकाच्या हाताशी असतोच. परंतु हा सारा डोलारा उभा असतो एका आकड्यावर, तो म्हणजे वजन. तो चुकला की निर्णयवेग चुकतो, रेटा चुकतो, सर्वच चुकते. आणि सॉफ्टवेअरला आपण दिलेले वजन खरे की खोटे, हे पाहण्याचे डोळे नसतात.

२० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एअरबस ए-३४० विमानात २७५ माणसे होती. हिशेब करताना ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन असा आकडा घातला गेला. एका अंकाची चूक. शंभर टनांचा फरक. पडताळणीतही ती निसटली. यंत्राने त्या खोट्या वजनाला साजेसे, अगदी बिनचूक गणित करून दिले. विमान उचलेना, शेपटी धावपट्टीला घासत गेली, पट्टी संपली, आणि कॅप्टनने अखेरच्या क्षणी पूर्ण जोर लावला म्हणून ते कसेबसे हवेत गेले. परत उतरले तेव्हा एकही प्रवासी जखमी नव्हता.

हॅलिफॅक्सला तसे घडले नाही. १४ ऑक्टोबर २००४ च्या रात्री, उजाडण्यापूर्वी, कॅनडातील त्या विमानतळावरून स्पेनकडे निघालेले मालवाहू बोइंग ७४७ धावपट्टीपलीकडच्या मातीच्या बांधावर आदळले आणि त्यावरील सातही माणसे मरण पावली. विमानाचे वजन होते सुमारे ३५३ टन. वैमानिकांनी हिशेबासाठी जे वजन बहुधा वापरले गेले, असा निष्कर्ष कॅनडाच्या चौकशीत निघाला, ते होते सुमारे २४० टन. म्हणजे त्याआधीच्या, अमेरिकेतील ब्रॅडली विमानतळावरच्या उड्डाणाचे वजन. माणसे दीर्घ कामाने थकलेली होती. लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरमध्ये आधीचा आकडा राहून गेला आणि कुणाच्या लक्षात आले नाही.

हे सांगून तो तरुण म्हणाला, "मशीन खोटं बोललं नाही, फादर. आधीच्या खेपेचं वजन तसंच राहून गेलं, एवढंच." मग त्याची रात्रपाळी होती म्हणून तो उठून गेला. आम्हांला त्या रात्री झोप लागली नाही.

आता त्या तरुणाविषयी सांगावयास हवे. ते त्याच्या अनुमतीनेच लिहीत आहोत, आणि जे लिहीत आहोत ते पापनिवेदनात ऐकलेले नाही. २०११ साली आम्ही त्याच्या गावी धर्मगुरू होतो आणि तो सेमिनरीत होता. तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपवून त्याचे ईशज्ञानाचे पहिले वर्ष झाले होते. मे महिन्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "फादर, मला वाटतं हे माझं पाचारण नाही."

आम्ही तासभर बोललो. म्हणजे आम्ही बोललो आणि त्याने ऐकले. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयीचे प्रभूचे वचन आम्ही त्याला ऐकवले. त्याचे मामा धर्मगुरू आहेत. आमच्या पुढच्या तुकडीत होते. त्यांनाही याच टप्प्यावर अशीच शंका आली होती, त्यांनी ती प्रार्थनेने पार केली आणि आज ते किती समाधानी आहेत, हे आम्ही त्याला रंगवून सांगितले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण ते वजन मामांचे होते. झोप लागते का, प्रार्थनेत मन रमते का, घरच्यांपैकी कुणाचा धाक वाटतो का, यांतले एकही त्याला आम्ही विचारले नाही. आधीच्या खेपेचा आकडा आमच्या मनात तसाच होता. त्यावरून आम्ही त्याचा निर्णयवेग काढला, आणि तो ओलांडला गेला आहे, आता पुढेच जायचे, असे त्याला सांगितले.

तो परत गेला. डिसेंबरात, वर्षाच्या मध्येच, सेमिनरी सोडून आला. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. कित्येक महिने त्याला धड झोप नव्हती; पुढे वर्षभर उपचार घ्यावे लागले. मे महिन्यात तो सहज थांबू शकला असता. आम्ही त्याला आणखी वेग घ्यायला लावला, आणि मग थांबताना ब्रेक जळाले, टायर बसले. एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तरी ठीक होते. परंतु पाचारणाच्या रविवारी आम्ही प्रवचनात, नाव न घेता, अर्ध्या वाटेतून परतणाऱ्यांविषयी चार कठोर वाक्ये बोललो. चर्चमध्ये सर्वांच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. त्यानंतर त्याची आई पहाटेच्या मिस्सेला येऊ लागली, आणि शेवटची प्रार्थना संपण्यापूर्वीच निघून जाऊ लागली. आम्ही ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले. पुढे आमची बदली झाली.

वस्तुतः ख्रिस्तसभेने आपल्या धर्मगुरूंसाठी धावपट्टी मुद्दाम लांब ठेवली आहे. पूर्वतयारीचे वर्ष, तत्त्वज्ञान, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ईशज्ञान, अशी ही वर्षे केवळ पुढे नेण्यासाठी नाहीत. थांबता यावे म्हणूनही आहेत. डीकनपदाच्या दीक्षेच्या वेळी उमेदवार ब्रह्मचर्याचे वचन देतो. तेथे हात दांड्यांवरून निघतो. त्यानंतरची गोष्ट निराळी. आमच्याही आयुष्यात एक इंजिन बंद पडावे अशी दोन-तीन वर्षे आली. तेव्हा आम्ही पुढेच गेलो, आणि पुढे जाता आले, कारण आमच्या दीक्षेपूर्वी एका वृद्ध गुरुजनांनी आम्हांला आमचेच वजन विचारले होते, दुसऱ्या कुणाचे नव्हे. जे आम्हांला मिळाले, ते आम्ही त्या मुलाला दिले नाही.

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा आम्ही संगणक सुरू केला नाही. हॅलिफॅक्सविषयी त्याने सांगितलेले वाक्य आम्ही त्याला परत सांगितले, आणि २०११ ची ती संध्याकाळ, ते प्रवचन, यांबद्दल त्याची क्षमा मागितली. तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "फादर, खरं वजन मीही तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायलाच आलो होतो. पण मामांचं नाव निघालं आणि गप्प बसलो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "माझं ठीक आहे. तुम्ही आईला भेटा."

गुडघा चालू लागल्यावर, एका रविवारी दुपारी, आम्ही त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. ओटीवर बसून आम्ही त्या माउलीला जे सांगावयाचे ते सांगितले. तिने मान खाली घालून सर्व ऐकले. शेवटी ती एवढेच म्हणाली, "फादर, ते प्रवचन मला अजून पाठ आहे." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ती उठली, आत गेली, आणि दारातूनच वळून म्हणाली, "चहा ठेवते. साखर चालते ना तुम्हाला?"

पन्नाशीतल्या धर्मगुरूने असले खेळ का खेळावेत, या प्रश्नाचे आमचे उत्तर हे असे आहे. आजही आम्ही रात्री मुंबईहून उड्डाण करतो. प्रत्येक वेळी वजनाची चौकट आधी रिकामी करतो आणि त्या दिवसाच्या लोडशीटवरचा आकडा नव्याने लिहितो, मग ती कालचीच फेरी का असेना.

यंदा जूनमध्ये आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा सेमिनरीत गेला. गावाने त्याच्यासाठी प्रार्थना केली, हार घातले, फोटो काढले. जाण्यापूर्वी आम्ही त्याला चार संध्याकाळी बोलावून घेतले, आणि या वेळी बोलण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. निरोपाच्या दिवशी त्याची आई डोळे पुसत होती. आम्ही तिला बाजूला घेऊन सांगितले की, मुलाने धर्मगुरू व्हावे ही आमचीही मनापासूनची इच्छा आहे; पण उद्या त्याला थांबावेसे वाटले, तर त्याने निरोप पाठवावा, त्याची ट्रंक आणायला आम्ही स्वतः जाऊ. तिला वाटले, फादर आपली समजूत काढताहेत. तसे नव्हते. ट्रंक उचलण्याइतका आमचा गुडघा आता बरा आहे.